साक्षीदाराला पढवू नका

पडक्या वास्तूसमोर उभे राहिले की माणसाच्या मनात दोन इच्छा जाग्या होतात. पहिली, ती वास्तू होती तशी पुन्हा उभी करावी. दुसरी, ती कोणी पाडली त्याचे नाव घेऊन त्याच्या वंशजांना चार शब्द सुनवावेत. दोन्ही इच्छा स्वाभाविक आहेत, आणि आमचे नम्र परंतु ठाम मत असे आहे की दोन्ही घातक आहेत. पडकी वास्तू ही इतिहासाच्या न्यायालयातील साक्षीदार असते. तिची पुनर्बांधणी करणारा साक्षीदाराचे तोंड बंद करतो, आणि तिच्या आडून वैर पोसणारा त्या साक्षीदाराला पढवतो. ही गोष्ट नुसत्या तत्त्वचर्चेने पटायची नाही. म्हणून आम्ही येथे एका विशिष्ट वास्तूची हकिकत वाचकांपुढे ठेवतो. ती वास्तू म्हणजे जर्मनीतील हायडेलबर्ग नगराचा भग्न किल्ला.

नेकर नदीच्या काठी, क्योनिगश्टूल डोंगराच्या उतारावर, तांबड्या वालुकाश्मात बांधलेला हा किल्ला आजही नगराच्या डोक्यावर उभा आहे. त्याचे अनेक महाल बिनछपराचे आहेत. खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचे आकाश दिसते. एक प्रचंड बुरूज मधोमध चिरलेला असून त्याचा अर्धा भाग खंदकात अखंड कोसळून पडला आहे. दरवर्षी लाखो प्रवासी तो पाहण्यास येतात, छायाचित्रे घेतात आणि ‘किती सुंदर!’ म्हणून निघून जातात. हे सौंदर्य कसे निर्माण झाले, याची चौकशी फारच थोडे करतात. आम्ही ती करू इच्छितो.

प्रथम बांधणारांविषयी. इ. स. १२१४ मध्ये विटेल्सबाख घराण्यातील लुडविग पहिला याला ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेट प्रांताचा अधिकार मिळाला, तेव्हापासून या ठिकाणाशी त्या घराण्याचा संबंध जडला. पुढे या प्रांताच्या अधिपतीला जर्मन सम्राट निवडण्याचा मान मिळाला, आणि त्यामुळे त्याला ‘इलेक्टर’ म्हणजे निर्वाचक राजा हे बिरुद प्राप्त झाले. अशाच एका निर्वाचकाने, रूप्रेख्ट पहिला याने, पोप सहावे अर्बन यांच्या परवानगीने १३८६ मध्ये हायडेलबर्गचे विद्यापीठ स्थापन केले. त्याच घराण्यातील रूप्रेख्ट तिसरा १४०० साली जर्मनीचा राजा झाला. त्याच्या नावाचा महाल हा आज दिसणाऱ्या महालांपैकी सर्वांत जुना समजला जातो. सोळाव्या शतकाच्या मध्यास ओट्टहाइन्रिख याने नव्या, प्रबोधनकालीन धर्तीचा महाल उठवला. १६०१ ते १६०७ या काळात फ्रीड्रिख चौथा याने आपला महाल बांधला आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर आपल्या पूर्वजांचे पुतळे बसवले. त्या पूर्वजांत त्याने थेट शार्लमेन सम्राटाची गणना केली! पुढच्या पिढीत फ्रीड्रिख पाचवा याने इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिच्याशी १६१३ मध्ये विवाह केला आणि तिच्यासाठी आणखी एक वास्तू व एक अफाट उद्यान यांचा घाट घातला. ते उद्यान कधीच पूर्ण झाले नाही.

हा तपशील आम्ही हेतुपूर्वक दिला आहे. ‘किल्ला मूळ स्वरूपात आणा’ असे म्हणणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न असा की, कोणते मूळ स्वरूप? मध्ययुगीन गढीचे, की प्रबोधनकालीन राजवाड्याचे? १४०० सालचे, की १६०७ चे? प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे काही पाडले, काही झाकले आणि काही वाढवले. डोंगरावर याहून उंचावर असलेली जुनी गढी तर १५३७ मध्येच वीज पडून नष्ट झाली होती. चारशे वर्षे बदलत राहिलेल्या वास्तूतील एक क्षण निवडून ‘हाच खरा’ असे म्हणणे हा इतिहास नव्हे. ती आपली आवड आहे.

आता पाडणारांविषयी. येथे आमच्या कॅथॉलिक वाचकांनी जरा सावध बसावे, कारण ही कथा आपल्यालाही सोडत नाही.

ओट्टहाइन्रिखने आपल्या राज्यात धर्मसुधारणेचा स्वीकार केला. त्याच्या वारसाच्या काळात, १५६३ मध्ये, हायडेलबर्गची सुप्रसिद्ध प्रश्नोत्तरी प्रकाशित झाली आणि हे नगर कॅल्विनपंथीयांचे मोठे केंद्र बनले. १६१९ मध्ये फ्रीड्रिख पाचवा याने बोहेमियाचा मुकुट स्वीकारला. पुढच्याच वर्षी प्रागजवळच्या श्वेतगिरीच्या लढाईत त्याचा पराभव झाला. एका हिवाळ्यापुरते राज्य केले म्हणून लोकांनी त्याला ‘हिवाळी राजा’ म्हणून हिणवले. १६२२ मध्ये कॅथॉलिक सेनापती टिली याने हायडेलबर्ग जिंकले. तेथील पवित्र आत्म्याच्या ख्रिस्तमंदिरातील सज्ज्यांवर त्या काळच्या युरोपातील एक अत्यंत श्रीमंत ग्रंथसंग्रह होता. बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनने तो पोप पंधरावे ग्रेगरी यांना नजर केला. १६२३ मध्ये हजारो हस्तलिखिते व मुद्रित ग्रंथ खेचरांच्या पाठीवर लादून आल्प्स पर्वत ओलांडून रोमला नेण्यात आले. त्यांपैकी जर्मन भाषेतील ८४७ हस्तलिखिते १८१६ मध्ये परत आली. लॅटिन व ग्रीक हस्तलिखितांचा मोठा साठा व्हॅटिकनमध्येच राहिला.

यावर आपल्यापैकी काहीजण म्हणतील की, रोमला गेली म्हणूनच ती हस्तलिखिते पुढच्या आगींतून वाचली. हे खरे आहे. परंतु लुटीचा परिणाम चांगला झाला म्हणून लूट ही भेट ठरत नाही. सत्य सांगायचे तर ते पूर्ण सांगावे.

किल्ल्याचा खरा विध्वंस मात्र याच्याही पुढचा आहे. १६७१ मध्ये निर्वाचकाची कन्या एलिझाबेथ शार्लोट हिचा विवाह फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या भावाशी झाला. विवाहासाठी तिला कॅथॉलिक व्हावे लागले. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला, आणि लुईने भावजयीच्या नावाने वारसाहक्क पुढे केला. त्यातून युद्ध पेटले. १६८९ च्या मार्च महिन्यात फ्रेंच सैन्याने माघार घेताना किल्ला आणि नगर यांना आग लावली. १६९३ मध्ये ते पुन्हा आले. या वेळी त्यांनी नगर जाळले, पवित्र आत्म्याचे मंदिर जाळले, तेथील निर्वाचकांच्या कबरी फोडल्या आणि जे बुरूज पहिल्या वेळी उडाले नव्हते ते सुरुंग लावून उडवले. या पराक्रमाच्या स्मरणार्थ फ्रान्समध्ये एक पदक पाडण्यात आले. त्यावर हायडेलबर्ग नष्ट झाल्याची लॅटिन नोंद आहे. जिच्या हक्काच्या नावाने हे सर्व घडले ती राजकन्या व्हर्सायच्या दरबारात बसून आपल्या माहेराच्या राखेसाठी रडत होती. तिची पत्रे याला साक्ष आहेत.

या युद्धाला पुष्कळदा धर्मयुद्धाचा रंग दिला जातो. तो रंग टिकत नाही. किल्ला जाळणारा राजा कॅथॉलिक होता, आणि १६८५ पासून ज्या घराण्याकडे त्या किल्ल्याचा वारसा आला होता ते नॉयबुर्गचे घराणेही कॅथॉलिकच होते. एका कॅथॉलिक राजाने दुसऱ्या कॅथॉलिक राजाचे घर, एका धर्मांतरित कॅथॉलिक सुनेच्या नावाने जाळले. येथे धर्म नव्हे, लोभ बोलत होता. धर्माचे नाव घेऊन इतिहासाचे हिशेब मांडणाऱ्या सर्वपंथीयांनी हे वाक्य एकदा शांतपणे वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आणि तरीही धर्माच्या भांडणाला या कथेतून सुटका नाही. नगर पुन्हा वसले, मंदिर पुन्हा उभे राहिले; परंतु ते कोणाचे, हा वाद मिटला नाही. तेव्हा १७०६ च्या सुमारास मंदिरात मधोमध भिंत घालण्यात आली. पुढचा भाग प्रॉटेस्टंटांचा, वेदीकडचा भाग कॅथॉलिकांचा. १७१९ मध्ये निर्वाचक कार्ल फिलिप याने ती भिंत पाडून सबंध मंदिर कॅथॉलिकांसाठी ताब्यात घेतले. प्रॉटेस्टंट सत्तांनी निषेध केला, सम्राटाचे दडपण आले, आणि कार्ल फिलिपला माघार घ्यावी लागली. भिंत पुन्हा चढली. संतापलेला राजा १७२० मध्ये आपला दरबार उचलून मानहाइमला गेला आणि तेथे त्याने नवा राजवाडा बांधला. हायडेलबर्गचा किल्ला ओस पडला तो तोफांमुळे जितका, तितकाच एका ख्रिस्तमंदिरातील भिंतीच्या भांडणामुळे! ज्या मंदिराला ऐक्याच्या आत्म्याचे नाव, त्यातली ती भिंत १९३६ पर्यंत उभी होती. आपल्या समाजाच्या इतिहासलेखनात आपण नेहमी सोसणारे असतो. येथे आपण अडून बसणारेही होतो. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही, पण न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अखेरचा घाव निसर्गाने घातला. १७६४ च्या जून महिन्यात किल्ल्यावर वीज पडली आणि डागडुजी चालू असलेले महाल जळून गेले. त्यानंतर हा किल्ला म्हणजे दगडांची फुकट खाण झाला. ज्याला चिरे हवे होते त्याने ते उचलून नेले. शत्रूने जे शिल्लक ठेवले ते घरच्यांनी नेले, असेच म्हटले पाहिजे. ‘फ्रेंचांनी आमचा किल्ला पाडला’ असे म्हणणारी पिढी आपल्या आज्यापणज्यांच्या घरांचे पाये कधी उकरून पाहत नव्हती.

मग त्या दगडांना वाचवले कोणी? एका फ्रेंच माणसाने! शार्ल द ग्रेंबेर हा फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळे परागंदा झालेल्या सरदार घराण्यातील चित्रकार १८१० मध्ये हायडेलबर्गला आला. किल्ल्याची रेखाटने काढावीत आणि पुढे जावे, एवढाच त्याचा बेत होता. तो १८६४ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. दगड चोरणाऱ्यांना त्याने अडवले, भिंतींची चित्रे छापून जगभर पोहोचवली आणि किल्ल्याशी संबंधित वस्तूंचा संग्रह स्वतःच्या पैशाने जमवला. त्याच्या देशबांधवांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे उद्ध्वस्त केले होते त्याची राखण याने अर्धशतक केली. पॅलेटिनेटमध्ये मात्र लोक आपल्या कुत्र्यांना ‘मेलाक’ हे जाळपोळ करणाऱ्या फ्रेंच सेनापतीचे नाव देत राहिले. सूडाची आठवण घरोघर पाळली गेली, उपकाराची आठवण मोजक्यांनाच राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी एक झाला, फ्रान्सचा पराभव झाला आणि नव्या साम्राज्याला आपल्या अंगावरचा हा जुना व्रण खुपू लागला. किल्ला पुन्हा बांधावा, अशी मागणी जोर धरू लागली. बाडेन राज्याच्या सरकारने १८८३ मध्ये किल्ल्यासाठी एक खास बांधकाम कचेरी उघडली. तिने दगडन् दगड मोजून नकाशे केले. १८९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने निर्णय दिला की, संपूर्ण अथवा अंशतः पुनर्बांधणी शक्य नाही. आहे ते सर्व उपायांनी टिकवावे. अपवाद केला तो फक्त फ्रीड्रिख महालाचा, कारण त्याच्या भिंती शाबूत होत्या. ते काम कार्ल शेफर या वास्तुविशारदाकडे गेले. शेफरने आतील दालने आपल्या कल्पनेने सजवली, आणि मग त्याची नजर ओट्टहाइन्रिख महालाकडे वळली. त्या बिनछपराच्या भिंतींवर नवे छप्पर आणि नवी शिखरे चढवण्याचा आराखडा तयार झाला.

या आराखड्याविरुद्ध जे उभे राहिले त्यांत स्ट्रासबुर्ग विद्यापीठातील कलेतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग डेहिओ हे अग्रणी होते. १९०१ मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या किल्ल्याचे पुढे काय होणार, असा प्रश्न विचारणारी पुस्तिका लिहिली. जे आहे ते जतन करा, जे नाही ते घडवू नका, हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश. ते कट्टर जर्मन देशाभिमानी होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण भग्न वास्तू भग्नच ठेवा म्हणणाऱ्याला ‘देशप्रेम नाही’ असा टोमणा मारण्याची पद्धत तेव्हाही होती. वाद अनेक वर्षे चालला. अखेर योजना बारगळली, आणि ओट्टहाइन्रिख महाल आजही आकाशाकडे उघडा आहे.

आमच्या मते डेहिओ यांचा पक्ष तेव्हाही योग्य होता आणि आजही योग्य आहे. विरुद्ध बाजूचे आक्षेप आम्ही टाळत नाही.

पहिला आक्षेप असा की, पडके जपणे ही रिकामटेकड्यांची हौस आहे; चंद्रप्रकाशात भिंती पाहून उसासे टाकणाऱ्या कवींनी ती वाढवली. यात तथ्य आहे. हायडेलबर्गला आजही उन्हाळ्यात काही ठराविक रात्री किल्ल्यावर तांबडा उजेड पाडतात, जेणेकरून तो पुन्हा जळतो आहे असे वाटावे. मग आतषबाजी होते आणि नदीकाठी जमलेली गर्दी टाळ्या वाजवते. ज्या आगीत माणसे बेघर झाली तिची करमणूक व्हावी, हे आम्हाला रुचत नाही. परंतु हा दोष पाहणाऱ्यांचा आहे, भिंतींचा नव्हे. साक्ष ऐकताना श्रोते जांभया देतात म्हणून कोणी साक्षीदाराला हाकलून देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्खे हे मंदिर १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळले. १९९४ ते २००५ या काळात ते जुने दगड वापरून पुन्हा उभारण्यात आले. मग तेथे योग्य ते हायडेलबर्गला अयोग्य का? आमचे उत्तर असे की, मंदिर हे प्रार्थना करणाऱ्या लोकांचे घर आहे. ते लोक हयात होते आणि त्यांना घर हवे होते. १६९३ नंतर हायडेलबर्गकरांनी आपले पवित्र आत्म्याचे मंदिर बांधून काढले, तेही याच न्यायाने, आणि त्याला कोणी नाव ठेवू नये. शिवाय ड्रेस्डेनला जुने काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांत उठून दिसतात. व्रण लपवलेला नाही. किल्ल्याची गोष्ट निराळी. निर्वाचक गेले, त्यांचे राज्य गेले, आणि शार्लमेनपर्यंत पोहोचणारी ती वंशावळही नुसत्या पुतळ्यांपुरती उरली. कोणासाठी छप्पर घालायचे? जिवंत माणसाचे घर बांधणे हा धर्म आहे. मेलेल्या वैभवाला रंग फासणे हा नव्हे.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. पडक्या भिंती पाहून मुलांच्या मनात पराभवाची भावना रुजते, असे म्हणतात. आम्हाला उलट वाटते. जी मुले फाटलेला बुरूज पाहतात, तो कोणी व का फाडला हे ऐकतात, आणि त्यानंतर त्याच दगडांवर राखण करणाऱ्या परदेशी चित्रकाराचीही गोष्ट ऐकतात, ती पराभूत होत नाहीत, शहाणी होतात. गुळगुळीत नव्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या मुलाला प्रश्नच पडत नाही.

आमच्या वाचकांना हा दूरचा वाद वाटू नये. तोच विचार आपल्या देशातही नियम म्हणून आला आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या नियमपुस्तिकेत, जुन्या वास्तूंचे नूतनीकरण नव्हे तर रक्षण हे आपले पहिले कर्तव्य मानले आहे. वसईच्या कोटातील छप्पर हरवलेली ख्रिस्तमंदिरे याच खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेथेही कोणी फक्त १५३४ सांगतो आणि कोणी फक्त १७३९ सांगतो. हायडेलबर्गच्या अनुभवावरून आम्ही दोघांनाही एवढेच म्हणू की, सर्व साले सांगा, आणि ज्या सालाची आपल्याला लाज वाटते ते सर्वांत आधी सांगा.

कारण साक्षीदाराचा मान राखला तर तो कधीकधी समेटही घडवतो. १९८६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाला ६०० वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी व्हॅटिकनने १६२३ मध्ये नेलेल्या हस्तलिखितांपैकी शेकडो हस्तलिखिते प्रदर्शनासाठी पाठवली. ती मांडली गेली त्याच पवित्र आत्म्याच्या मंदिरातील सज्ज्यांवर, जेथून ती उचलली होती. मंदिरात आता मधली भिंत नव्हती. वर डोंगरावर फुटलेला बुरूज मात्र होता तसाच होता, आणि तो तसाच राहिला पाहिजे.